अंगातले जुने पाहुणे

अमळनेरच्या आमच्या गल्लीत कोणाचंही लग्न जुळू लागलं, की दुसऱ्या बाजूची मंडळी गुपचूप चौकशीला आमच्या समोरच्या घरातल्या नानांकडे जायची. नाना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना खोटं बोलता येत नसे आणि थोडक्यात बोलणं तर मुळीच येत नसे. "पोरगा सोन्यासारखा, फक्त गुटखा खातो," असं सांगून त्यांनी दोन लग्नं लांबवली होती. तरी लोक त्यांच्याकडेच जात, कारण बाकीचे शेजारी नुसतं गोडच बोलायचे.

माझं चोपड्याला जुळत आलं तेव्हा घरात एकच धास्ती होती, दादाची. माझ्या या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांवर तो बरा असतो, पण कधीकधी न दिसणाऱ्या कोणाशी तरी बोलतो. पाहुणे यायच्या आधी आईने त्याला पिंपळनेरला मावशीकडे धाडलं. मी गप्प राहिले, त्याची लाज मला आजही वाटते.

आणि नानांनी चोपडेकरांना सगळं सांगून टाकलं! वर शिकवणीही घेतली. लाखो वर्षांपूर्वी पूर्वजांच्या अंगात विषाणू शिरले, त्यांचे तुकडे आपल्या जनुकांत राहून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. त्यांतले काही मेंदूत जागे होतात, त्याचा अशा आजारांशी संबंध असावा असं संशोधकांना वाटतं. नक्की अजून कोणी सांगत नाही.

आई त्यांच्या ओट्यावर जाऊन कडाडली, "नाना, पोरीचं वाटोळं केलंत!"

"माय, बठ्ठासना आंगमा ह्या जुना पाव्हना शेतस. तुन्हा, मना, चोपडावालासना बी. कोन्हा झोपेल, कोन्हा जागा. मंग तुन्हा एकला पोऱ्याले काब्रं दपाडस?"

सगळ्यांच्याच अंगात हे पाहुणे, मग एकट्या पोरालाच का लपवतेस, हा त्यांचा सवाल आईला झोंबला. आठ दिवस आम्ही त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी चोपड्याची गाडी दारात. नकार द्यायला एवढ्या लांब कशाला आले, असं मनात आलं. होणाऱ्या सासूबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मनी नणंद अशीच व्हती. तिले आम्ही मागली खोलीमा दपाडं. तठेच मरी गई." डोळे पुसून पुढे म्हणाल्या, "तुमना पोऱ्याले बलावा. तो नही तं लगीनमा कान कोन पिळी?"

नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. दादाने तो इतका हळू पिळला, की मांडव ओरडला, "जोरात!" दादा म्हणाला, "त्याले दुखी ना."

नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात रोज संध्याकाळी दादा त्यांच्या उशाशी बसायचा. नानांचं बोलणं न कंटाळता पुरतं ऐकणारा अख्ख्या अमळनेरात तो एकटाच होता.