न सांगता येणारा

सोमवारी शिकवता शिकवता तो वर्गात कोसळला. संध्याकाळी गेला.

अंबड तालुक्यातल्या त्या शाळेत आम्ही दोघं इंग्रजीचे मास्तर. तो गावातल्या जमीनवाल्या घरातला, मी बौद्धवाड्यातला. सत्तरनंतरची ती वर्षं. इंग्रजी माझं बरं होतं, हे तोही कबूल करायचा. पोरं मात्र त्याचीच.

एकदा धड्यात ‘ड्रॉप इन’ आलं. मी फळ्यावर अर्थ लिहिला: अगोदर न कळवता, सहज कुणाच्या घरी जाणे. शेजारच्या वर्गात तोही तेच शिकवत होता. भिंतीपलीकडून एका पोराचा आवाज आला, “मंग इंग्रज सांगून जातेत का काय, सर?”

“बिलकुल! चिठ्ठी धाडून जातेत बिचारे,” तो म्हणाला, आणि अख्खा वर्ग घेऊन बाहेर पडला. मला खिडकीतून दिसत होतं. समोरच्या घरात तो थेट चुलीपर्यंत गेला.

“काकू, काय शिजवून राह्यल्या?”

“मेल्या, पलटण घेऊन आलास व्हय?” म्हणत काकूंनी सूपभर शेंगा आणून ओतल्या.

“बघा रे, ह्याला म्हणतेत ड्रॉप इन!”

माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं, “सर, आपण कुणाच्या घरी जायचं?”

गावातल्या घरांत आमची माणसं ओसरीपर्यंतच जात, तेही कुणी बोलावलं तर. मी फळा पुसला. उच्चार माझे, व्याकरण माझं, आणि ते क्रियापद त्याचं.

आमच्याकडेही तो असाच यायचा. “वहिनी, ड्रॉप इन!” असं दारातूनच ओरडत. माझी अबोल बायको खुदकन हसायची. “आले बाई इंग्रज. बसा, भाकरी टाकते.” माझ्या कुठल्याच बोलण्यावर ती तशी हसली नव्हती. भरपेट जेवून जाताना तो मला म्हणायचा, “तू का येत न्हाईस रे कधी?”

“बोलाव की.”

“बोलावल्यावर मंग ते ड्रॉप इन कसं?”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्या न कळण्याचाही मला हेवा वाटायचा.

त्या सोमवारी सगळं गाव न सांगता त्याच्या दारी जमलं. मीही गेलो, आणि ओसरीखाली उभा राहिलो. त्याच्या आईनं मला पाहिलं.

“तिथं कशाला उभा राह्यलास? ये आत. त्याच्यापाशी बस.”

अजूनही गावी गेलो की त्या घरात मी न सांगता जातो. म्हातारी चहा टाकते. आम्ही दोघं पितो.