टॅबमध्ये येणारी माणसं

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. चांगलं चालणारं दुकान बंद का केलं, असं मुलगा आणि सून विचारायचे तेव्हा मी गुडघ्यांचं कारण पुढे करायचो. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

मोशीत, नाशिक रस्त्यापासून थोडं आत माझं मोबाईलचं दुकान होतं. समोरची एक सोसायटी नुकती वसलेली, शेजारची अजून बांधकामात, आणि दोन्हींच्या मधल्या तुकड्यात कुणीतरी मेथी लावलेली. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेली लातूर, बीड, जळगावकडची माणसं. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून, गळ्यातलं ओळखपत्र न काढताच दुकानात शिरायची.

त्या वर्षी एका कंपनीने स्वस्तातला टॅब बाजारात आणला. तोवर टॅब ही साहेबलोकांची वस्तू होती. वितरकाने लोकांना हाताळायला एक जास्तीचा नग दिला, त्याला आम्ही डेमो पीस म्हणायचो. सोबत एक कामही दिलं. लोक पहिल्यांदा टॅब हातात घेतील तेव्हाचे चेहरे टॅबच्याच पुढच्या कॅमेऱ्याने टिपायचे आणि पाठवायचे. गिऱ्हाइकांच्या प्रतिक्रिया कंपनीला हव्या होत्या.

दुकानात नवा माल आला की पूजा बायको करायची. साधा फोन असो, भारी असो, पहिल्या नगाला तिचं हळदकुंकू लागल्याशिवाय मी तो मांडत नसे. ताट घेऊन आली आणि टॅब उलटासुलटा करून बघत म्हणाली, "अहो, ह्याचं तोंड कुठलं नि पाठ कुठली?" पाठीवर आवाजासाठी बारीक भोकं होती. तिने बोट नेमकं तिथंच टेकवलं. ओली हळद त्या भोकांत उतरली ती कायमची. मग मी पहिला फोटो तिचाच काढला. हिरवी साडी, हातात ताट, आणि नेमके डोळे मिटलेले.

"मिटले ना? दुसरा काढा."

"काढू नंतर," मी म्हणालो.

पुढचे दोन-तीन महिने दुकानात नुसती जत्रा. विकत घेणारे कमी, बघणारे जास्त. एकजण म्हणाला, "म्हणजे पाटीच आली की राव परत. आमच्या बापाने उगाच वह्यांवर खर्च केला." दुसरा म्हणाला, "भावा, ह्यावर पोळ्या लाटता येतात का बघ, बायको पहिलं तेच विचारेल." पलीकडच्या गॅरेजवाल्या चाचांनी हात पुसले, पुन्हा पुसले, आणि शेवटी बोटाच्या पेराने काचेला शिवलं. चित्र सरकलं तसा त्यांनी हात मागे घेतला. गावातले एक जुने शेतकरी रोज यायचे. "ह्यात माझ्या रानाचा उतारा दिसंल व्हय?" दिसला नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

सगळ्यांचे फोटो मी काढले. मधूनमधून कॅमेरा नीट चालतो का बघताना माझेही निघाले. टॅब काउंटरवर आडवा ठेवलेला असायचा, त्यामुळे प्रत्येक चेहरा वरून वाकलेला, काचेचा उजेड हनुवटीवर, तोंड किंचित उघडं. एकेक फोटो मजेशीर वाटायचा. एकापाठोपाठ एक पाहिले की मात्र बरं वाटत नसे. विहिरीत कुणी पडलंय आणि काठावर जमलेली माणसं आत बघताहेत, असे ते दिसायचे. बघणारा त्या विहिरीच्या तळाशी.

श्रावणात बायकोला ताप आला आणि आठवडाभरात ती गेली.

दसऱ्याला मी दुकान उघडलं. नातेवाइकांना ते रुचलं नाही, पण घरात बसवत नव्हतं. दुपारपर्यंत टॅब संपले. तेवढ्यात लातूरकडचा एकजण आला. चाकणला पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होता, त्याच्या सांगण्यावरून त्याच्या शिफ्टमधल्या कितीतरी जणांनी माझ्याकडून फोन नेले होते. मुलीसाठी टॅब त्याला आजच, मुहूर्तावर हवा होता. "शेठ, असं करू नका. पोरगी दाराशी बसून आहे."

मी मागच्या खोलीत गेलो. डेमो पीसमधले फोटो पुसले, काचेवर प्लास्टिकचा नवा पापुद्रा चढवला, खोकं गरम हवेने पुन्हा सीलबंद केलं. त्या रस्त्यावरचे सगळेच दुकानदार असं करायचे. हळद मला दिसली होती. ती कापसाने निघेना, तेव्हा म्हटलं, पाठ कोण बघतं.

फोटो टॅबमधून गेले, पण दुकानाच्या नावाने उघडलेल्या खात्यावर ते नेटवरही साठत होते, आणि ते खातं त्या टॅबमध्ये तसंच राहिलं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वितरकाने दुसरा डेमो पीस दिला. त्याच खात्यावर मी फोटो काढत राहिलो.

दिवाळीनंतर तो लातूरकडचा गिऱ्हाईक एकटाच आला. दुकानात कोणी नाही असं बघून म्हणाला, "शेठ, टॅबमध्ये आपोआप माणसं दिसतात, असं होतं का?"

"कसली माणसं?"

"आई म्हणते. आम्ही दोघं कामाला, पोरगी शाळेत. दुपारी ती एकटीच असते. टॅब चार्जिंगला लावलेला असतो, तर म्हणे त्यात माणसं येतात आणि तिच्याकडे बघतात. मी रात्री सगळं उघडून बघतो, एक फोटो नाही."

"एखादी जाहिरात असेल," मी म्हणालो.

तो गेला आणि मी विसरलोही. पण वस्तीत कुजबुज सुरू झाली होती. त्याच्या आईने दूध डेअरीवर एका अनोळखी माणसाला बघून हात जोडले आणि म्हणाली, "तुम्ही परवा आला होता की माझ्याकडं." तो माणूस माझं गिऱ्हाईक होता. त्यानेच मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

मग एका दुपारी तो आईलाच घेऊन आला. बारीक चणीची बाई, डोक्यावरून पदर. दुकानात दोघं-तिघं गिऱ्हाईक होते. त्याने टॅब काउंटरवर पालथा ठेवला आणि भोकांतली हळद माझ्या डोळ्यांसमोर आली.

"आई, तूच सांग शेठना."

"दुपारी येतेत," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ, भाजीचा भाव सांगावा तसा. "बोलत न्हाईत. वाकून बघतेत निस्तं. एक गेलं की दुसरं. जुनी येतेत, नवी बी येतेत. गुरुवारी मात्र येत न्हाईत."

"गुरुवारी दत्त राखतो तिला," मुलगा थकून म्हणाला.

गुरुवारी आमच्याकडे दुपारभर लाईट जायची. लाईट नाही म्हणजे चार्जिंग नाही, आणि त्यांच्या खालच्या भाडेकरूचं नेटही बंद. पोरीने खेळासाठी त्याच्याकडून पासवर्ड घेतल्याचं मुलगाच कधीतरी बोलला होता; भाडेकरू संध्याकाळी नेट बंद करून क्लास घ्यायला जायचा, म्हणून रात्री मुलाला काही दिसत नव्हतं. चार्जिंगला लावून ठेवलं की हा टॅब साठवलेले फोटो एकामागून एक दाखवतो, हा गुण मीच गिऱ्हाइकांना सांगायचो. एवढं सगळं माझ्या डोक्यात क्षणात जुळलं. म्हणून पुढचं मी अजाणतेपणी बोललो, असं मला म्हणता येणार नाही.

तेवढ्यात तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पदर सावरून एक पाऊल पुढे आली.

"ह्यो बी येतो त्यात."

गिऱ्हाइकांपैकी एकजण फिसकन हसला. "शेठ, तुम्ही दुपारी कुठं जाता ते आज कळलं."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, चल."

"थांब रे. ह्यो येतो, आणि एक बाई येती. हिरव्या लुगड्यातली, हातात ताट. ती एकटीच बघत न्हाई मला. डोळे मिटून असती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगा की हो ह्याला. ह्याला वाटतं माझं डोकं फिरलंय. लातूरला थोरल्याकडं धाडायचं म्हणतोय मला. लेकरू शाळेतून येतं तवा घरात कोण हाय? मी काय मागत न्हाई, निस्तं दिसतंय ते खरं हाय एवढं सांगा."

काय पणाला लागलं होतं, हे याहून स्पष्ट कुणी सांगू शकलं नसतं. नात, ते घर, त्या घरातली तिची जागा. आणि माझ्या बाजूला होतं दुकानाचं नाव. वापरलेला नग सीलबंद करून विकला हे त्या गिऱ्हाइकांसमोर कबूल केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी चाकणच्या तिन्ही शिफ्टना कळलं असतं.

मी हसून म्हणालो, "मावशी, टॅब कोरा होता. वय झालं की असे भास होतात. माझ्या आईलाही व्हायचं."

माझ्या आईला असं काही होत नव्हतं.

ती एक पाऊल मागे सरकली. मी टॅब तपासायला म्हणून ठेवून घेतला. ते गेल्यावर शटर अर्धं ओढलं, टॅब चार्जिंगला लावला, नेट जोडलं आणि समोर बसलो. काच काळी झाली. मग चाचा आले. मग उतारा शोधणारे शेतकरी. मग मी. वाकून, तोंड उघडं टाकून मीच माझ्याकडे बघत होतो. आणि मग ती आली, ताट घेऊन, डोळे मिटून. काही क्षण थांबली आणि विरून गेली.

मी टॅबमधून ते खातं काढून टाकलं. नेटवरचंही सगळं पुसून टाकलं, पुरावा नको म्हणून. तिचा तो फोटो वेगळा ठेवता आला असता. त्या घाईत, त्या भीतीत, तेवढंही मी केलं नाही. आता ती डोळे मिटलेली हिरव्या साडीतली माझ्याकडे कुठेच नाही. शेवटची तिला त्या रूपात रोज बघत होती ती एक परकी बाई, आणि तिला मी वेडी ठरवलं होतं.

टॅब परत गेला. पंधरवड्याने तिचा मुलगा आभार मानायला आला. "आता आईलाच दिसत नाहीत. म्हणजे भासच होते ना शेठ? तिलाही पटायला लागलंय."

ते पटणं मी पुढे पाहिलं. मोशीच्या थांब्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, मुलगा रिक्षा ठरवत होता. स्टेशनला जाऊन लातूरची गाडी धरायची होती. मला चुकवता आलं नाही.

"शेठ," ती म्हणाली, "आता येत न्हाईत ती माणसं. तुम्ही म्हणला ते खरं असंल." पिशवी सावरत तिने हळूच विचारलं, "ती बाई मातर बरी हाय न्हवं? आजारी वाटायची मला."

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही माहीत नाही. रिक्षा आली.

त्यानंतर दुकानात माझं लक्ष लागेना. गिऱ्हाईक काउंटरवर वाकलं की मला खालून बघितल्यासारखं वाटायचं. वर्ष उलटायच्या आत दुकान दिलं आणि मुलाकडे तळेगावला आलो. आता इथला टीव्हीही नुसता चालू राहिला की घरचे फोटो दाखवतो. सून कौतुकाने बघते. मी खुर्ची फिरवून बसतो.

गेल्या हिवाळ्यात धीर करून मोशीला गेलो. मेथीचा तुकडा राहिलेला नाही, पण त्यांची इमारत सापडली. दार कॉलेजात जाणाऱ्या वयाच्या मुलीने उघडलं. मी जुना दुकानदार, तुझे वडील गिऱ्हाईक होते, आजीला भेटायला आलो, असं सांगितलं. तिने आत बोलावलं आणि भिंतीकडे पाहिलं. हार घातलेला फोटो होता. वाकलेला चेहरा, हनुवटीवर काचेचा उजेड, तोंड किंचित उघडं, नजर थेट माझ्यावर.

"चार वर्षं झाली," मुलगी म्हणाली. "आजीचा दुसरा फोटोच नव्हता. मधे तिला भास व्हायचे. नंतर थांबले, तरी गावी जाईपर्यंत ती रोज टॅबमध्ये वाकून काहीतरी शोधायची. तेव्हा मी हळूच बटण दाबलं होतं."

भास. त्या मुलीला निदान एवढं सांगता आलं असतं, की तो शब्द माझा आहे. मी पाणी मागितलं, प्यालो आणि जिना उतरलो.

वाक्यं तयार करून गेलो होतो. तळेगावहून येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो: मावशी, तुम्हाला दिसायची ती माणसं खरी होती. माझ्या दुकानात आलेली होती. त्यात मी होतो आणि माझी बायको होती. तुमचं डोकं शाबूत आहे, हे मला त्याच दिवशी, काउंटरवरच कळलं होतं. मला माफ करा.