तक्त्याबाहेरची वाट

टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केलेल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. हेडफोन लावला की सगळा तालुका आपणहून कानात येऊन बसतो!

परवा माझी भाची सांगत होती. ती कॉलेजात नेटवर्क शिकवते. म्हणे, राउटर तीन तऱ्हेनं वागतात. एकाला वाट लिहून दिलेली असते, तो ती सोडत नाही. दुसरा शेजाऱ्याला विचारून वाट काढतो. तिसरा सगळ्या जाळ्याचा नकाशाच डोक्यात ठेवतो.

"अगं, या तिघांबरोबर मी नोकरी केलीय!" मी म्हटलं.

*

लिहून दिलेली वाट म्हणजे आमचे उस्मानाबादचे साहेब. दुष्काळाची वर्षं, मी भूमला ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल जोडणारी, तीही टेंपररी. साहेबांनी भिंतीवर कॉलच्या वाटांचा तक्ता लावलेला. भूमचा कॉल उस्मानाबादला सरळ लाइननंच जायचा.

"आणि लाइन बंद असली तर, साहेब?"

"तर कॉलही बंद!"

*

शेजाऱ्याला विचारणारी येडशी एक्स्चेंजची इंदूताई. एकदा सरळ लाइन गेली म्हणून मी तिच्याकडं उस्मानाबाद मागितलं. "दे इकडं, बघते की!" म्हणाली. तिचीही लाइन गेलेली. तिनं बार्शीला विचारलं. बार्शीवाल्याला कालची खबर. तो म्हणाला, भूमकडनं मिळतंय! थोड्या वेळानं माझा बोर्ड वाजला.

"हॅलो, उस्मानाबाद द्या!"

"अहो, मी भूम! मीच मघापासून उस्मानाबाद मागतेय!"

*

नकाशा डोक्यात ठेवणारे जळकोट एक्स्चेंजचे रज्जाकभाई. हायवेवरचे एसटी ड्रायव्हर त्यांच्याकडं चहाला थांबत आणि कुठं खांब पडला ते सांगून जात.

एकदा सोसायटीच्या चारा छावणीत उस्मानाबादहून येणारा पाण्याचा टँकर आलाच नाही. जनावरं जिभा काढून उभी, चेअरमन माझ्या खिडकीशी. सरळ लाइन मेलेली, येडशीही बंद. मी सोलापूरवरून रज्जाकभाईंना गाठलं.

"लई सोपं हाय, बाई. म्या इकडनं तुळजापूर धरतो. तुमी फकस्त लाइन सोडू नका!"

उस्मानाबाद मिळालं. दिवस मावळायच्या आत टँकर छावणीत होता.

*

टँकरच्या मागोमाग सरळ लाइनही आली, आणि तिच्यावर पहिला फोन साहेबांचा.

"माझ्या तक्त्याची वाट कुणी लावली?"

"आम्हीच लावली, साहेब! म्हणून तर जनावरं जगली!"

"लेखी माफी द्या, नाहीतर घरी बसा!"

आमचं घर माझ्या पगारावर चालायचं. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. इंदूताई लाइनवर म्हणाली, "लिहू नगंस. चूकच केली न्हाय, तर माफी कशाची गं?"

नाही लिहिली!

*

मग माफी घ्यायला साहेब स्वतः भूमला आले. कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, आधी उस्मानाबाद लावा, मोठे साहेब माझ्या फोनसाठी थांबलेत.

मी तक्त्याप्रमाणं प्लग लावला.

"लाइन बंद आहे, साहेब."

"परत बघा."

"बघितलं. तक्त्यात एकच वाट आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. घाम पुसला. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, त्या रज्जाकला सांगा. लावा वाट!"

मी तोच कोरा कागद त्यांच्याकडं सरकवला.

"लेखी द्या, साहेब!"