चातुर्मासातले सात कांदे

९ नोव्हेंबर, रविवार. आजचं काम: फ्रिजमधले डॅफोडिलचे कांदे काढून कुंड्यांत लावणे. माती आदल्या दिवशीच कालवून ठेवली होती, कुंड्या धुऊन उन्हात वाळवल्या होत्या. फ्रिज उघडला, तर खालच्या कप्प्यात श्रीखंडाच्या डब्याच्या जागी चार सफरचंदं ऐटीत बसलेली.

डब्यात सात कांदे होते. डॅफोडिलच्या बुटक्या जातीचे, म्हणजे रोप वीतभर आणि फूल रुपयाच्या नाण्याएवढं. थंडीत राहिल्याशिवाय हा कांदा फुलत नाही आणि आमच्या बजाजनगरला थंडी कधी येईल ते थंडीलाच ठाऊक. म्हणून पोळ्याच्या सुमारास कांदे फ्रिजमध्ये जातात आणि दिवाळी उलटली की कुंडीत. तेवढे दिवस फ्रिजमध्ये फळं ठेवायची नाहीत. पिकत्या फळाच्या वाफेनं आतली कळी मरते. हे मी घरात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी सासूबाई म्हणतात, "बरंय. कांदे गारव्यात, आम्ही उन्हात."

हे सात मात्र विकतचे नव्हते. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या आईबापाचं लग्न लावलं होतं. बाप जुन्या शहरातल्या शहागंजातला. तिथल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याच्या दुकानामागं पत्र्याच्या डब्यात पांढरी, वासाची नर्गिस फुलायची, डॅफोडिलच्याच कुळातली. "ले जाओ, बाई, लेकिन बात करती रहना इससे," असं म्हणून त्यानं एक कांदा दिला. आई हिमाचलातून टपालानं आलेली, पिवळी, बुटकी, बिनवासाची. तिच्या फुलातले परागकोश मी चिमट्यानं काढले, कान साफ करायच्या काडीवर नर्गिसचा पराग घेऊन तिला लावला आणि देठाला लाल दोरा बांधला. दोघांशी बोलले मात्र नाही, मला सकाळी सातची बस असते. बी आलं काळंभोर, थेट कांद्याच्या बियासारखं. पहिल्या वर्षी गवताएवढी एकेक पात. मग प्रत्येक उन्हाळ्यात कोरड्या कुंडीत झोप आणि प्रत्येक हिवाळ्यात थोडं बाळसं. कळी धरण्याजोगे ते यंदा झाले असावेत असा माझा अंदाज होता. नुसता अंदाज. फूल पांढरं येणार की पिवळं, वास बापाचा येणार की आईसारखा काहीच नाही, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, कारण हे सात जगात दुसरीकडं कुठंही नव्हते. आणि आता माझ्या फ्रिजमध्येही नव्हते.

"आई, इथला डबा कुठं गेला?"

सासूबाई देवघरापुढं वाती वळत होत्या. "कोणता गं?"

"श्रीखंडाचा. वर लिहिलेला."

"काय लिहिलेला?"

इथं मी फसले. मी कंपनीत स्टोअरला आहे, प्रत्येक वस्तूवर नाव लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. निशिगंधाचा कांदा, लिलीचा कांदा म्हणतात तसाच मी हाही कांदाच म्हणते. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'कांदे. हात लावू नये.'

आमच्याकडं चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, तेही थेट चंपाषष्ठीपर्यंत. आमच्याकडं म्हणजे सासूबाईंकडं, पण स्वयंपाकघर एकच आहे.

"चोरून खायचं तर खावं माणसानं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण वर पाटी कशाला लावावी? माझी सफरचंदं बाहेर नासू दिली आणि आत काय, तर कांदे!"

"आई, ते फुलांचे कांदे होते."

"व्हय का? आणि रोज संध्याकाळी तू कंपनीतून आली की वास येतो, तो पण फुलांचाच का?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. कंपनीच्या कॅन्टीनमधली दहाच्या सुट्टीतली कांदाभजी मी कुठल्याच चातुर्मासात सोडलेली नाही. खोट्या आरोपाखाली खरा गुन्हा सापडला की माणसाला बोलायला तोंड राहत नाही.

डबा गेला होता लासूर स्टेशनला. माझी नणंद काल येऊन गेली होती. तिच्या नवऱ्याचा कांद्याचा व्यापार. "त्यांच्यात बारा महिने चालतो," सासूबाई म्हणाल्या, "त्यांना देव काही म्हणत नाय. म्हटलं टाकून देण्यापेक्षा लेकीच्या तोंडी लागू दे."

मी नणंदेला फोन लावला.

"वहिनी, ती सात गोल्टी व्हय?" ती म्हणाली. गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारका कांदा, बाजारात सगळ्यात कमी भावाचा. "पिठल्याला काढलीत बघ. चुलीपाशीच हायत. अगं, आमच्या घरात कांद्याच्या राशी, आणि आई मला डब्यातून कांदे देती. मी हसून हसून मेले."

"चिरू नकोस! ते विषारी आहेत. खाल्ले तर सगळ्यांना उलट्या होतील."

 ती ओरडली, "आई म्हणती वहिनी चोरून कांदे खाती, वहिनी म्हणती ते विष हाय! मग तू ते आईच्या फ्रिजमधी ठेवतीस कशाला?"

फोन स्पीकरवर होता. देवघरापुढं वाती वळणारे हात थांबले.

"चला," सासूबाई उठल्या. "मला बघायचंय."

नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, सासूबाई मागं. अर्धी वाट सरली. मग मागून आवाज आला, "किती उलट्या होतात?"

"बऱ्याच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या लेकाला गाडी जरा जोरात हाणायला सांगितली.

नणंदेच्या ओसरीवर तिचा नवरा बसला होता. पुढ्यात ताट, ताटात सहा कांदे, आणि सातवा चिरून दोन फाकी. 

"या वहिनी," तो म्हणाला. "ही फोनवर बोलत होती, तवा चुलीपाशी म्या हे बघितलं. म्हटलं थांब. वीस वर्षं कांदा हाताळतोय, हा कांदा नाय. वास नाय. साल कांद्यागत सुटंना. म्हणून एक चिरून बघितला. डोळ्याला टिपूस नाय आलं! मग हिला म्हटलं, ह्यो तुझ्या वहिनीचा काहीतरी उद्योग हाय, ताटाला हात लावू नको. मग कळलं, फोन तुमचाच होता."

"चिरला कशाला, भाऊजी? असे सातच होते."

"चिरल्याबिगर कळणार कसं? पण हे बघा." त्यानं एक फाक तळहातावर धरली. त्यानं ती उभी चिरली होती, कोंब ते बुड, जसा व्यापारी आतला डोळा, म्हणजे कोंबाचा गाभा, बघायला चिरतो. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं काहीतरी फिकट हिरवं उभं होतं. "मधी ही काय भानगड?"

मी चष्मा लावला. ती कळी होती. सातव्यात कळी होती, म्हणजे त्याच्याच वयाच्या, त्याच्याच अंगाच्या बाकीच्या सहांतही असणार. मी जे नुसतं अंदाजानं धरून चालले होते, ते या माणसानं भाजी चिरायच्या सुरीनं दाखवून दिलं. मी ते स्वतः कधीच चिरून बघितलं नसतं.

सासूबाईंनी फाक हातात घेतली, नाकाशी नेली, उजेडात धरली. "हा कांदा नव्हेच," त्या म्हणाल्या.

"मी तेच सांगत होते."

"मग वर कांदे का लिहिलं?"

 नणंद आत पिठलं हाटत होती आणि हसत होती. खरा कांदा घातलेलं ते पिठलं आम्ही चौघांनी खाल्लं, सासूबाईंसाठी वेगळं, बिनकांद्याचं केलं. निघताना भाऊजींनी डब्यावरची चिठ्ठी काढली आणि पेननं दुसरी लिहून चिकटवली: 'कांदा नाय.' फाकी मी रुमालात बांधून घेतल्या. उभ्या चिरल्यामुळं दोन्हींना बुडाचा तुकडा शिल्लक होता. नणंदेनं चिरला असता तर आडवा, पिठल्यासाठी बारीक, आणि संपलंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी सहाला उठले. सहा कांदे सहा कुंड्यांत लावले, टोक मातीच्या वर नखभर. फाकींना चिरलेल्या बाजूनं हळद चोपडली आणि त्या ओल्या वाळूत बुडाशी टेकवून ठेवल्या. नशीब असेल तर बुडाला लसणाच्या पाकळीएवढी पिल्लं धरतील. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"लग्नाची हळद लावतेस? चार वर्षांनी?"

"तेव्हा राहून गेली होती."

त्यांनी खालच्या कप्प्यातली चारही सफरचंदं उचलून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि दार जरा जोरातच लावलं. मी हात धुतले, सातची बस पकडली. डब्याच्या पिशवीत पोळीभाजीच्या वर कागदाची एक पुडी होती, मी न ठेवलेली. दहाच्या सुट्टीत मी कांदाभजीची एक प्लेट खाल्ली आणि मग त्या पुडीतल्या दोन लवंगा तोंडाचा वास जाईपर्यंत चघळल्या.