पुसलेली कथा

पापाकुराला जाणाऱ्या ट्रेनमध्ये ती नेहमी माझ्याशेजारी बसते. बोलते इतकं हळू, की तिचा ‘किया ओरा’ हा इथला नमस्कारसुद्धा गुपित वाटतो. भूतानने हाकललेल्या, आता इथे परदेशात राहणाऱ्या नेपाळीभाषक माणसांवर ती कथा लिहिते, आणि छापण्याआधी ज्याची कथा त्यालाच वाचून दाखवते.

परवा म्हणे एका आजींनी ऐकता ऐकता तिचा हात धरला. “माझा मुलगा अजून तिकडे तुरुंगात आहे गं.” हिने तिथेच फोनमधली कथा पुसून टाकली.

“नुसतं नाव बदलायचं की,” मी म्हणालो.

“भाई, नाव बदललं तरी आई ओळखू येते.”

मग डब्यात नजर फिरवून तिने अख्खी कथा मला कुजबुजत सांगितली, गावाच्या नावासकट. “कुणाकडे तरी राहायला हवी ना.”

तेव्हापासून बायकोशी गप्पा मारतानाही मला माझ्याच तोंडाची भीती वाटते.