हुप्प्या आणि व्हायोला

आमच्या शेजारच्या वाडीतल्या काकू व्हायोला वाजवतात. "मोठं व्हायोलिन" असं कुणी म्हटलं, की हातातली केरसुणी खाली ठेवून सांगतात, "व्हायोला. त्याचा आवाज जरा भरदार असतो." काहीही ऐकताना त्यांची मान डाव्या खांद्याकडे कलती असते, वाद्य नसलं तरी हनुवटीला त्याची सवय आहे.

गेल्या वर्षी त्यांचं रेकॉर्डिंग निघालं. आजच्या संगीतकारांचे कॉन्चेर्तो. म्हणजे काकूंचा एकटा व्हायोला आणि समोर अख्खा ऑर्केस्ट्रा. मी हौसेने ऐकायला गेलो आणि थोड्याच वेळात मला आमच्या वाडीतला पंप बंद करायची आठवण झाली. पंप चालू नव्हता, हे काकूंना पडवीतून दिसत होतं. त्या रागावल्या नाहीत. जाताना शहाळं दिलं.

यंदा आमच्या दिवेआगरात वानरांनी उच्छाद मांडला. डबे बडवून झाले, फटाके झाले. शेवटी काकूंनी पडवीत स्पीकर ठेवला आणि स्वतःचंच रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं. "माणसं उठून जातात, वानरं का नाही जाणार?" असं म्हणून स्वतःच खळखळून हसल्या.

वानरं खरंच गेली. पण आठवडाभरात एक म्हातारा हुप्प्या परतला. काकूंच्याच केळीचा घड तोडून वाडीच्या दगडी गडग्यावर बसला आणि वाजत्या स्पीकरकडे बघत सावकाश खाऊ लागला. मी काठी उचलली.

"थांब रे," काकू मान कलती ठेवूनच म्हणाल्या. "थोडंच राहिलंय. इथवर अजून कुणी बसलं नव्हतं."