दादाचा अर्ज

दादा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला. ताप आला, तो मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले, आणि सहाव्या दिवशी सगळं संपलं. तो बारावीत होता, मी दहावीत. तोवर त्याचे तीन अर्ज अमेरिकेतल्या तीन कॉलेजांत जाऊन पोचले होते.

आम्ही लखनौला जानकीपुरममध्ये राहायचो. बाबा औषधांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ होते. अमरावतीहून नोकरीसाठी आले आणि लखनौचेच झाले. घरात आई-बाबा मराठीत बोलायचे, आम्ही दोघं हिंदीत उत्तरं द्यायचो. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पाहुण्यांनी विचारलं तरच लक्षात यायचं.

अमेरिकेचं खूळ दादाने दिल्लीतल्या एका वाचनालयातून आणलं. तिथे कॉलेजांची माहिती देणारा एक जाडजूड ग्रंथ होता. त्यातून त्याने वहीभर पत्ते उतरवून आणले आणि सगळीकडे पत्रं टाकली. मग माहितीपुस्तकं यायला लागली. गुळगुळीत कागद, लाल पानांची झाडं, हिरवळीवर पाय पसरून बसलेली मुलं. डाकिया ती पाकिटं फाटकावर आपटून आवाज द्यायचा, "भैया का अमरीका आया है!"

बाबांना त्यातलं 'लिबरल आर्ट्स' पटत नव्हतं. "आर्ट्सला जायला एवढ्या लांब कशाला?"

"बाबा, वो वाला आर्ट्स नहीं है. सब पढ़ाते हैं. फिजिक्स भी, हिस्ट्री भी."

"म्हणजे धड काहीच नाही."

असं म्हणाले खरे, पण अमेरिकेच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेला दिल्लीला त्याच्याबरोबर बाबाच गेले, आणि संस्थेतल्या टाइपरायटरवर तिन्ही फॉर्म त्यांनीच भरले. निबंध तेवढा दादाने स्वतः लिहिला. तो कुणाला दाखवला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दादाच्या नावाने एक पत्र आलं. त्याला जाऊन दोन महिने होत आले होते. माझी बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. घरी मी एकटीच होते म्हणून मी ते फोडलं. आपला अर्ज अपूर्ण आहे, असं त्यात लिहिलं होतं. शाळेकडून सहामाहीचे गुण आलेले नाहीत, ते आल्याशिवाय अर्जाचा विचार करता येणार नाही. सोबत एक कोरा फॉर्म होता. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि पुन्हा भूगोल वाचत बसले. मला रडू आलं नाही. तेव्हा कशानेच येत नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी ते बूट न काढता उभ्यानेच वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "चल, शाळेत जाऊन येऊ."

मला वाटलं, दादाचे काही कागद परत घ्यायचे असतील. स्कूटरवर मी मागे बसले. प्रिन्सिपल सिस्टरच्या खोलीत बाबांनी तो कोरा फॉर्म तिच्यासमोर सरकवला. सिस्टरने तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"सर, आपने उन लोगों को बताया नहीं?"

"नहीं."

"तो फिर ये..."

"सिस्टर, उसने मेहनत की थी. रिज़ल्ट तो आना चाहिए."

बाबांचा आवाज अगदी साधा होता, ऑफिसात एखादी फाईल मागावी तसा. सिस्टरने क्लार्ककडून रजिस्टर मागवलं आणि एकेका विषयाचे गुण स्वतःच्या हाताने उतरवले. शेवटी एक रकाना होता: विद्यार्थी सध्या आपल्या शाळेत शिकत आहे का? तिथे तिचं पेन थांबलं. तो रकाना तिने कोरा सोडला आणि खाली सही केली. बाबांनी ते पाहिलं. तिथून आम्ही सरळ पोस्टात गेलो. आईला त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही.

बोर्डाचे पेपर मी दिले. काय लिहिलं ते आठवत नाही, मार्क मात्र बरे पडले.

एप्रिलमध्ये उत्तरं आली. पहिली दोन पाकिटं पातळ होती. पहिलं मी आईसमोरच फोडलं आणि तिला सांगितलं की त्यांनी घेतलं नाही. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"नाही म्हणाले? त्याला? काय कमी होतं त्याच्यात?"

तीन महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. ती त्या कॉलेजवर खरोखर चिडली होती, आणि शेजारच्या काकूंनाही तिने ते सांगितलं.

तिसरं पाकीट जाड होतं. त्यांनी त्याला घेतलं होतं, पूर्ण शिष्यवृत्तीसह. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "लागला निकाल." मग अंघोळीला गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. पत्राच्या तळाशी प्रवेश विभागातल्या बाईंनी शाईने एक ओळ लिहिली होती: तुझा निबंध मी माझ्या आईला फोनवर वाचून दाखवला.

उत्तर पाठवायला एक कार्ड होतं, त्यावर दोन चौकोन. येणार, येणार नाही. बाबा म्हणाले, "कार्डावर नको. पत्र लिहू. तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

मी इंग्रजीत लिहिलं की तो आता 'नो मोर' आहे. बाबांनी वाचून मान हलवली. "त्यांना हे कळेल का? सरळ लिही." मग मी सरळ लिहिलं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, त्याचा निबंध पाठवा. आपल्याकडे नाही."

निबंध जूनमध्ये आला. झेरॉक्सची दोन पानं आणि त्या बाईंचं लहानसं पत्र. बाहेर उन्हाळ्याचा गरम वारा, लू चालली होती, खिडकीतला कूलर घरघरत होता. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. आईसाठी मी एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. माझं मराठी अडखळत होतं.

दादाने आमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल लिहिलं होतं. आई मराठीत विचारते, मी हिंदीत उत्तर देतो. सगळ्यांना वाटतं मला मराठी येत नाही. येतं. लहानपणी एकदा मी काहीतरी चुकीचं बोललो आणि आई हसली. त्यानंतर मी बोललो नाही. अजूनही मनात आधी मराठी वाक्यच येतं, मग मी त्याचं हिंदी करतो.

पुढे आणखी बरंच होतं. पण आईने तिथेच थांबवलं.

"मी कधी हसले?"

"हसली नसशील," मी म्हणाले. मराठीतच.

"मग त्याने असं का लिहिलं?"

"अगं, निबंधात असं काहीतरी लिहावं लागतं," बाबा म्हणाले. "त्यांना आवडतं."

आईने उरलेलं ऐकून घेतलं. पण नंतर कितीतरी दिवस ती मध्येच विचारायची. मेथी निवडताना, कपडे वाळत घालताना. "कुठला शब्द होता गं? लिहिलाय का त्याने?" शब्द लिहिलेला नव्हता. मी दोन्ही पानं पुन्हा पुन्हा पाहिली.

त्या पावसाळ्यात आई माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. बाजारात भाजीवाल्याशी बोलायची तसं घाईचं नाही. जपून, एकेक शब्द उचलून. "बेटा, चाय ठंडा हो गया है." बाबा पेपरमधून वर बघायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. हिंदीत चाय ठंडी होते, ठंडा नाही, पण मी तिची चूक कधी सुधारली नाही. सरळ उत्तर द्यायचे आणि चहा प्यायचे. वर्षभर हे चाललं असेल. मग ते कधी थांबलं, ते मला आठवत नाही.

मी बारावीत गेले तेव्हा बाबांनी एकदा विचारलं, "तुला मागवायचे का फॉर्म?"

मी नको म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि पिशवी घेऊन सब्जी आणायला गेले. पुढे मी लखनौतच रसायनशास्त्र घेतलं.